बंद करूनही चालू राहणारा संगणक : डोंबिवलीतील एका दुरुस्तीसेवेचे परीक्षण

संगणक सुरूच होत नसेल तर माणूस त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे धाव घेतो. पण तो नीट बंद होत नसेल तर बहुतेक घरांत त्याला बिघाड मानलेच जात नाही. पॉवरचे बटण दाबून धरावे, नाहीतर भिंतीवरचा स्विच बंद करावा आणि झोपायला जावे, अशी सवय घरातल्या सगळ्यांना लागते आणि महिनोन्‌महिने चालत राहते. ही सवय संगणकाला आणि त्यातील माहितीला दोन्हीला अपायकारक आहे, आणि म्हणूनच अशा तक्रारीकडे मनापासून लक्ष देणारी सेवा आढळली तर तिच्याविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, असे मला वाटते. डोंबिवली पूर्वेतील एका लहानशा दुकानाने आमच्या संगणकाचे हे दुखणे ज्या पद्धतीने शोधून काढले, त्या पद्धतीचे हे परीक्षण आहे. दुकानाचे मालक एकटेच काम करतात आणि आधीची कामे वेळेत पूर्ण होत नसताना नवी गर्दी त्यांना नको आहे, म्हणून त्यांच्या विनंतीवरून दुकानाचे नाव येथे दिलेले नाही.

प्रथम तक्रार काय होती ते सांगतो. आमच्याकडे इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा, सुटे भाग घेऊन जुळवलेला डेस्कटॉप आहे. त्यावर विंडोज 10 आहे आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवलेली आहे. माझे वडील त्याच्यावर आमच्या गृहनिर्माण संस्थेचे हिशोब ठेवतात. सभासदांची मासिक वर्गणी, सिंकिंग फंड, थकबाकी, लेखापरीक्षकाला द्यायची विवरणे असे सारे त्यातच आहे. गेल्या वर्षी केव्हातरी असे होऊ लागले की ‘शट डाउन’ निवडल्यावर पडदा काळा होई, मॉनिटर सिग्नल नसल्याचा संदेश दाखवी, पण कॅबिनेटमधील पंखा फिरतच राही आणि पुढचा दिवा जळतच राही. तासभर वाट पाहिली तरी फरक पडत नसे. ‘रीस्टार्ट’ मात्र बिनतक्रार होत असे, आणि एखाद्या दिवशी संगणक अगदी शहाण्यासारखा बंदही होई, त्यामुळे नेमके बिनसले कोठे याचा थांग लागत नव्हता.

या दुकानाकडे वळण्यापूर्वी आम्ही मोबाइलवरून नोंदणी करून घरी तंत्रज्ञ बोलावण्याची एक सेवा वापरून पाहिली होती. तिचा उल्लेख केवळ तुलनेसाठी करतो. आलेल्या तरुणाने संगणक एकदा सुरू केला, एकदा बंद केला, पंखा फिरताना पाहिला आणि ‘एसएमपीएस गेलाय, शिवाय फॉरमॅट मारावा लागेल’ असा निर्णय दिला. एसएमपीएस म्हणजे संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणारी पेटी, आणि फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवणे. दोन्ही मिळून सांगितलेला खर्च साडेतीन हजार रुपयांच्या पुढे जात होता. एसएमपीएस खराब असेल तर फॉरमॅट कशासाठी आणि विंडोज बिघडले असेल तर एसएमपीएस कशासाठी, या वडिलांच्या साध्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. दोष त्या तरुणाचा फारसा नाही. दिवसाला ठरावीक घरे उरकण्याची सक्ती असलेल्या माणसाला तपासाला वेळ कोठून मिळणार? पण ग्राहकाच्या दृष्टीने पाहिले तर कारण न शोधता सांगितलेला उपाय हा उपाय नसतो, आणि हिशोबाने भरलेल्या संगणकावर फॉरमॅटचा सल्ला इतक्या सहजपणे देणे मला अजिबात मान्य नाही.

दुकानदारांनी मात्र घरी आल्यावर संगणकाला हात लावण्याआधी वडिलांना समोर बसवून विचारले, ‘काका, शट डाउन केल्यावर पडद्यावर काय दिसतं ते मला क्रमाने सांगा.’ या प्रश्नाचे महत्त्व त्यांनी नंतर उलगडून सांगितले, आणि ते येथे थोडे विस्ताराने देणे योग्य होईल, कारण ज्याच्या घरी असा संगणक आहे त्याला निम्मा तपास स्वतःच करता येईल.

‘संगणक बंद होत नाही’ या एका वाक्याआड किमान तीन निरनिराळे बिघाड असू शकतात. पहिल्या प्रकारात पडदा काळा होतच नाही. ‘शटिंग डाउन’ ही अक्षरे आणि फिरते ठिपके तसेच राहतात, किंवा अमुक प्रोग्रॅम बंद होण्यास अडवत आहे अशी सूचना येते. येथे गुन्हेगार बहुधा एखादा चालू प्रोग्रॅम किंवा पार्श्वभूमीवर चालणारी सेवा असते. प्रिंटर-स्कॅनरसोबत आलेली सॉफ्टवेअर, आपोआप बॅकअप घेणारे प्रोग्रॅम आणि एकाच वेळी बसवलेले दोन अँटिव्हायरस ही नेहमीची नावे. दुसऱ्या प्रकारात पडदा काळा होतो, पण यंत्र चालूच राहते. म्हणजे विंडोजने आपल्याकडून आवरते घेतले, परंतु वीज तोडण्याचा शेवटचा आदेश मदरबोर्डपर्यंत, म्हणजे सारे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डापर्यंत, नीट पोहोचला नाही किंवा पोहोचूनही पाळला गेला नाही. तिसऱ्या प्रकारात संगणक खरोखर बंद होतो आणि क्षणात पुन्हा सुरू होतो. तेथे नेटवर्क कार्ड, माउस किंवा कीबोर्ड यांना संगणक जागा करण्याची दिलेली मुभा तपासावी लागते, किंवा बंद होताना विंडोज कोसळून आपोआप पुन्हा सुरू होत आहे का हे पाहावे लागते. या तिसऱ्या प्रकारात कित्येकदा वापरणाऱ्याचा काहीच दोष नसतो: विंडोज 11 मध्ये ‘अपडेट करून बंद करा’ असे सांगितल्यावरही संगणक बंद न होता पुन्हा सुरू होण्याचा दोष बराच काळ होता आणि त्यावरील दुरुस्ती ऑक्टोबर 2025 च्या ऐच्छिक अपडेटमध्ये आली.

आमचा संगणक दुसऱ्या प्रकारातला होता. वडिलांनी सांगितलेल्या क्रमावरून दुकानदारांनी ते ओळखले आणि लगेच पेन ड्राइव्हवर हिशोबाच्या फायलींची प्रत काढून ती वडिलांच्या हाती दिली. प्रत आधी आणि तपास नंतर, हा क्रम पाळणारा दुरुस्तीवाला मला प्रथमच भेटला.

यानंतर त्यांनी विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर उघडला. संगणकाची ही रोजनिशी प्रत्येक घरगुती संगणकात असते आणि ती उघडायला एक पैसाही लागत नाही, तरी ती उघडून पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. तिच्या ‘सिस्टम’ या विभागात प्रत्येक घटनेला क्रमांक असतो. 1074 ही नोंद सांगते की कोणीतरी, म्हणजे वापरकर्त्याने किंवा एखाद्या प्रोग्रॅमने, संगणक बंद करण्याचा आदेश दिला. 6008 ही नोंद सांगते की आधीचे बंद होणे अनपेक्षित होते. आणि ‘कर्नल-पॉवर’ या नावाखालील 41 ही नोंद पुढच्या वेळी संगणक सुरू होताना लिहिली जाते. तिचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. आमच्या रोजनिशीत संध्याकाळी 1074 आणि सकाळी 41 अशा जोड्याच्या जोड्या लागलेल्या होत्या. 41 पाहून घाबरून जाणारे आणि थेट एसएमपीएस बदलणारे लोक पुष्कळ असतात, पण ही नोंद कारण सांगत नाही, ती फक्त परिणाम सांगते, हे त्यांनी वडिलांना बजावून सांगितले. बटण दाबून धरून बंद केलेला प्रत्येक संगणक दुसऱ्या दिवशी हीच नोंद करणार.

येथे वडिलांनी विचारले की पूर्वीच्या संगणकांना हे दुखणे नव्हते, मग आताच का? नव्वदच्या दशकात त्यांच्या कार्यालयात विंडोज 95 चे संगणक होते. काम संपल्यावर पडद्यावर नारिंगी अक्षरांत ‘आता संगणक बंद करण्यास हरकत नाही’ अशा अर्थाचा मजकूर येई आणि मग माणूस हाताने बटण बंद करी. दुकानदारांनी याचे उत्तर छान दिले. जुन्या एटी पद्धतीच्या कॅबिनेटचे बटण थेट विजेच्या प्रवाहावर बसवलेले असे. ते बंद केले की सगळे बंद. इंटेलने 1995 मध्ये एटीएक्स ही रचना आणल्यावर बटण हे नुसते विनंती करणारे झाले, आणि प्रत्यक्ष वीज तोडण्याचे काम मदरबोर्ड व एसएमपीएस यांच्यातील एका इशाऱ्यावर सोपवले गेले. पाठोपाठ 1996 च्या डिसेंबरमध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले, ज्यामुळे वीज कशी आणि केव्हा तोडायची हे ठरवण्याचे अधिकार ऑपरेटिंग सिस्टमकडे आले. सोय मोठी झाली, पण बंद होणे ही एक लांब साखळी बनली: प्रोग्रॅम, सेवा, ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारे सॉफ्टवेअर), विंडोज, बायोस (मदरबोर्डातच साठवलेले मूळ सॉफ्टवेअर), मदरबोर्ड आणि शेवटी एसएमपीएस. यांतील एकाने जरी हात आखडता घेतला तरी पंखा फिरत राहतो. विंडोज 98 च्या दुसऱ्या आवृत्तीत बंद होण्याच्या तक्रारी इतक्या होत्या की मायक्रोसॉफ्टला केवळ त्यासाठी वेगळी पुरवणी द्यावी लागली होती. तेव्हा हे दुखणे नवे नाही, एवढे वडिलांना पटले.

यापुढचा तपास पाहण्यासारखा होता, कारण प्रत्येक पायरीवर साखळीतील एक एक कडी वगळली जात होती आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली जात होती. कीबोर्ड आणि माउस सोडून बाकीच्या सर्व यूएसबी वस्तू, म्हणजे प्रिंटर, वेबकॅम, बाहेरची हार्ड डिस्क, आधी काढल्या गेल्या. फरक पडला नाही. मग त्यांनी स्वतःजवळच्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले, म्हणजे संगणकातील विंडोजला स्पर्शही न करता यंत्र वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टमवर चालवले, आणि तेथून ‘शट डाउन’ केले. पंखा तात्काळ थांबला. पुन्हा तेच केले, पुन्हा थांबला. या एका चाचणीने एसएमपीएस, मदरबोर्ड आणि पॉवरचे बटण या तिघांवरचा संशय जवळजवळ पूर्णपणे दूर झाला, आणि पहिल्या सेवेने सुचवलेला निम्म्याहून अधिक खर्च निरर्थक ठरला. माझ्या मते या संपूर्ण भेटीतील हा सर्वांत मोलाचा भाग होता. लिनक्सचा पेन ड्राइव्ह खिशात न बाळगणाऱ्या माणसाने ‘संगणक बंद होत नाही’ ही तक्रार स्वीकारूच नये, असे मी म्हणेन.

आता दोष विंडोजच्या बाजूला आहे हे ठरल्यावर त्यांनी फास्ट स्टार्टअपकडे मोर्चा वळवला. या सोयीविषयी बहुतेकांना काहीच माहिती नसते, वास्तविक ती 2012 मध्ये आलेल्या विंडोज 8 पासून बहुतेक संगणकांवर आपोआप चालू असते. ती चालू असताना ‘शट डाउन’ निवडले तर विंडोज वापरकर्त्याचे प्रोग्रॅम बंद करते, पण स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हरांची स्थिती बंद न करता डिस्कवरील एका फाइलमध्ये जशीच्या तशी लिहून ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलून लवकर उभे राहते. याउलट ‘रीस्टार्ट’ करताना गाभा खरोखर बंद होऊन नव्याने सुरू होतो. म्हणूनच रीस्टार्टने जाणारे दुखणे शट डाउनने जात नाही, हा अनेकांना गूढ वाटणारा अनुभव येतो. टास्क मॅनेजरमधील कार्यक्षमतेच्या पानावर प्रोसेसरखाली संगणक किती वेळ चालू आहे ते दाखवलेले असते. रोज रात्री बंद केला जाणारा आमचा संगणक तेथे कित्येक दिवस अखंड चालू असल्याचे दाखवत होता, आणि ते पाहून वडील थक्क झाले. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी शिफ्टची कळ दाबून ठेवून ‘शट डाउन’ निवडावे. त्या एका वेळेपुरता संगणक पूर्णपणे बंद होतो. कायमचे बदलायचे असल्यास कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरच्या बटणांनी काय करावे हे ठरवण्याच्या पानावर, फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाकता येते. एसएसडी असलेल्या संगणकावर यामुळे सुरू होण्यास काही सेकंद जास्त लागतात, त्यापलीकडे तोटा नाही.

आमच्या बाबतीत एवढ्याने सुधारणा झाली, पण पूर्ण नाही. पंखा अधूनमधून फिरत राहायचाच. अनेक दुरुस्तीवाले येथेच थांबले असते. हे थांबले नाहीत. त्यांनी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन सिस्टम डिव्हाइसेसची यादी उघडली आणि मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस या नावाच्या घटकाच्या ड्रायव्हरची तारीख व आवृत्ती पाहिली. चिपसेटमधील, म्हणजे मदरबोर्डावरील नियंत्रक चिपमधील, हा घटक मुख्य प्रोसेसरपासून स्वतंत्रपणे काम करतो आणि विजेच्या व्यवस्थापनाशी त्याचा जवळचा संबंध असतो. जुन्या मदरबोर्डांवर या घटकाचा नव्या पिढीसाठीचा ड्रायव्हर स्वयंचलित अपडेटमधून बसला की पडदा काळा होऊन पंखे फिरत राहतात, हे त्यांना 2015 मध्ये लोक विंडोज 10 वर येऊ लागले तेव्हापासून माहीत होते. आमच्या संगणकावर नेमके तसेच झाले होते. त्यांनी मदरबोर्डच्या उत्पादकाने त्या मॉडेलसाठी दिलेला जुना ड्रायव्हर उतरवून घेतला, तो बसवला आणि विंडोजने तोच नवा ड्रायव्हर पुन्हा आणू नये अशी तजवीजही केली. त्या दिवसापासून संगणक रोज रात्री बंद होत आहे आणि रोजनिशीतील 41 च्या नोंदी थांबल्या आहेत.

निघण्यापूर्वी वडिलांनी आणखी एक शंका काढली: संगणक बंद झाल्यावरही कीबोर्डचा दिवा जळतो, तो का? हा बिघाड नव्हे, असे त्यांनी स्पष्ट केले. भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएस पाच व्होल्टचा एक क्षीण पुरवठा चालूच ठेवतो, कारण पॉवरचे बटण दाबल्याचे कळण्यासाठी मदरबोर्डला तेवढी वीज लागते, आणि काही मदरबोर्ड तोच पुरवठा यूएसबीलाही देतात. बायोसमध्ये ईआरपी नावाची सेटिंग चालू केल्यास हा पुरवठा कमी होतो. युरोपीय संघाच्या वीजबचतीच्या नियमांवरून तिला ते नाव पडले आहे. ही सेटिंग चालू करून दिवा घालवण्याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

बटण दाबून धरण्याविषयीचा त्यांचा इशाराही नोंदवण्याजोगा आहे. चार सेकंद दाबून धरल्यावर यंत्र बंद पडते ती सोय मुद्दामच ठेवलेली आहे, पण ती अडचणीच्या वेळेसाठी आहे. अशा वेळी स्मृतीत असलेली आणि डिस्कवर अद्याप न उतरलेली माहिती जाते. विंडोजची एनटीएफएस ही फाइल पद्धत आपल्या रचनेची काळजी घेते, पण अर्धवट लिहिल्या गेलेल्या फाइलमधील मजकूर परत आणून देण्याची हमी ती देत नाही. थकबाकीची फाइल अशा रीतीने गेली तर काय होईल, याची कल्पना संस्थेचे हिशोब ठेवणाऱ्या कोणालाही करता येईल.

आता उणिवा. दुकानदारांनी दुरुस्तीनंतर दिलेल्या हस्तलिखित पावतीवर केवळ ‘संगणक दुरुस्ती’ एवढेच लिहिले होते. कोणता ड्रायव्हर काढला, कोणता बसवला, कोणत्या सेटिंग बदलल्या, याची चार ओळींची नोंद दिली असती तर पुढे दुसऱ्या कोणाला काम करावे लागल्यास ती उपयोगी पडली असती. इतका सुंदर तपास कागदावर कोठेही उरत नाही, याचे वाईट वाटते. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. चाचण्यांसाठी संगणक वारंवार सुरू करावा लागत असल्याने त्यांनी वडिलांकडून पासवर्ड घेतला आणि तो एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटला चिकटवला. काम झाल्यावर चिठ्ठी तशीच राहिली. आमच्या सांगण्यावरून त्यांनी ती काढून फाडली, पण दररोज परक्या घरांत जाणाऱ्या व्यावसायिकाने पासवर्ड लिहून घेण्याऐवजी मालकालाच तो टाकायला सांगावे. तिसरे म्हणजे वेळेची अनिश्चितता: ‘दुपारी येतो’ म्हणून ते दिवेलागणीला आले. खर्च मात्र माफक होता. घरी येण्याचे 400 रुपये धरून एकूण 900 रुपये त्यांनी घेतले आणि एकही सुटा भाग विकला नाही.

विकला नाही, या गोष्टीचे मोल विशेष आहे, कारण विकण्याची संधी समोर होती. विंडोज 10 चे नियमित सहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले आहे आणि आमचा प्रोसेसर विंडोज 11 च्या मान्य यादीत बसत नाही. इंटेलच्या बाबतीत ती यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. ‘आता नवाच घ्या’ एवढे म्हणणे पुरेसे होते. त्याऐवजी त्यांनी वस्तुस्थिती सांगितली, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळणाऱ्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करून दिली, आणि नव्या संगणकाचा विचार त्या मुदतीच्या हिशोबाने करा, बंद न होण्याच्या तक्रारीमुळे करू नका, असा सल्ला दिला.

डेस्कटॉपच्या अशा किचकट, वेळखाऊ आणि सुटे भाग न मागणाऱ्या तक्रारींसाठी मी ही सेवा निःशंकपणे सुचवीन. लॅपटॉपच्या बोर्डावरील काम आणि निकामी डिस्कमधून माहिती परत मिळवण्याचे काम ते स्वतः करत नाहीत आणि तसे फोनवरच सांगतात. त्यांना बोलावणाऱ्याने ‘संगणक बंद होत नाही’ एवढेच न सांगता पडदा कधी काळा होतो, पंखा थांबतो की नाही आणि रीस्टार्ट नीट होते की नाही, हे आधी पाहून ठेवावे, मदरबोर्डचे मॉडेल लिहून ठेवावे, आणि सोमवारी दुकान बंद असते हे लक्षात घ्यावे.